तिसऱ्या किनाऱ्यावरची गाईडबाई

स्टेशनच्या मागच्या गल्लीत एका शटरच्या रुंदीचं ऑफिस होतं आणि त्याच्या दारातून रोज सकाळी साडेआठला शहरदर्शनाची बस सुटायची. तीन किनारे, दीपगृह, मत्स्यालय, समुद्रातला किल्ला आणि शेवटी सूर्यास्त. संध्याकाळी सातला परत त्याच दारात. या बसवर एकवीस वर्षं जी बाई माईक धरून उभी राहिली, तिला गल्लीतले सगळे गाईडबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण तेही मालकांनी कधीतरी चुकीचं लिहून ठेवलं होतं आणि ते दुरुस्त करायची तसदी तिनं घेतली नव्हती.

सगळं तिला तोंडपाठ होतं. दीपगृहाच्या पायऱ्या किती, किल्ल्यावर तोफा किती, मत्स्यालयातल्या कासवाचं वय काय. कासवाचं वय ती दर वर्षी एकानं वाढवायची. मधल्या काळात कासव दोनदा बदललं होतं, वय मात्र चालूच होतं. बोलताना तिचा आवाज वर जायचा नाही की खाली यायचा नाही. बस चालवणारे ड्रायव्हरकाका तिला म्हणायचे, “ताई, उद्या गाडीला आग लागली ना, तर तुम्ही ‘डाव्या हाताला पाहा, ज्वाला’ असंच सांगाल.” यावर ती हसायची नाही आणि रागवायचीही नाही. दाढेखालची लवंग इकडची तिकडे करायची आणि मागून पुढे डोकी मोजत यायची.

ती अशी झाली, त्याला एक कारण होतं. एकोणीस वर्षांची असताना एका रविवारी दुपारी ती दादाबरोबर तिसऱ्या किनाऱ्यावर गेली होती. दादा तेवीसचा. विजेची कामं करायचा, पट्टीचा पोहणारा. तिथं पाण्याखाली ओढ आहे हे त्याला माहीत होतं, पण आपल्याला ती लागू नाही असं त्याला वाटत असावं. पाच वाजेपर्यंत तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या खडकांपाशी सापडला.

घरी माणसं जमली, आई भिंतीला टेकून बसली, बाबा दारात उभे राहिले. या सगळ्यात पोरीच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नाही. ती येणाऱ्यांना पाणी देत होती, चपला सरळ करून ठेवत होती. आत्या चारचौघांत म्हणाली, “ही पोरगी म्हणजे दगड आहे, दगड.” पोरीनं ते ऐकलं आणि तिला ते खरंच वाटलं. छातीत हात घालून चाचपडावं आणि काहीच हाताला लागू नये, तसं तिचं झालं होतं. आज नाही तर उद्या येईल रडू, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. लग्नाचं बोलणं दोनदा निघालं, दोनदा फिसकटलं. बाबा गेले. आईनं समुद्राच्या बाजूचं घर सोडायला लावलं होतं. आता दोघी आतल्या वस्तीत राहत होत्या, तिथं खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे. आईनं त्यानंतर समुद्र पाहिला नाही.

आणि मुलीनं नोकरी धरली ती नेमकी या बसवर. लोकांना नवल वाटायचं. तिला विचाराल तर काम मिळालं म्हणून धरलं, इतकंच. पहिला महिनाभर तिसऱ्या किनाऱ्याचं वळण आलं की ती वाट पाहायची, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. मग तिनं वाट पाहणं सोडून दिलं.

मालकांनी छापून दिलेल्या कागदावर तिसऱ्या किनाऱ्याला चार ओळी होत्या. वाळू सोनेरी आहे, किनारा कोयत्यासारखा वळलेला आहे, लाल झेंड्याच्या पुढे जाऊ नये, बारा चाळीसला गाडीत परत यावं. बुडण्याबिडण्याचा विषय काढायचा नाही, अशी मालकांची तोंडी ताकीद होती. एकोणीस वर्षं तिनं त्या चार ओळी म्हटल्या.

मग एके दिवशी पुढच्या सीटवरच्या टोपीवाल्या गृहस्थांनी हात वर केला. “काय हो, इथं कुणी बुडालंय का कधी?”

उत्तर ठरलेलं होतं: झेंडा पाळलात तर काही भीती नाही. पण तिच्या तोंडून निघालं, “हो. माझा भाऊ.”

ज्या आवाजात दीपगृहाच्या पायऱ्या सांगितल्या त्याच आवाजात. ड्रायव्हरकाकांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बरोबर काम करून त्यांना हे ठाऊक नव्हतं. टोपीवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “कधी?” कुणीतरी मागून विचारलं. तिनं सांगितलं. “तुम्ही होतात?” होते, म्हणाली. त्या दिवशी एकही जण पाण्यात उतरला नाही. परत येताना एका बाईनं न बोलता तिच्या हातात एक सफरचंद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. आता बोलणी बसणार, अशा तयारीनं ती गेली. मालक मोबाइल पुढे धरून बसले होते.

“हे बघ काय लिहिलंय. ‘गाईडनं सांगितलेली भावाची हकीकत ऐकून गहिवरून आलं. जरूर जा.’ पाच तारे! आपल्याला आजवर पाच तारे कधी मिळाले होते का?”

“नाही.”

“मग सांगत जा की रोज. म्हणजे... तुझी हरकत नसेल तर.”

तिनं हरकत आहे का ते शोधून पाहिलं. हरकतही सापडली नाही.

तेव्हापासून तिसऱ्या किनाऱ्यावर पाच मिनिटं त्या हकिकतीची ठरून गेली. वळण आलं की ड्रायव्हरकाका वेग कमी करायचे, ती माईक दुसऱ्या हातात घ्यायची. सांगून सांगून गोष्टीला धार आली. कुठं थांबायचं, कुठल्या शब्दानंतर खिडकीकडे पाहायचं, हे तिला आपोआप जमायला लागलं. शेवटी तो तिचा धंदाच होता. लोक रडायचे. बायका पदराला, रुमालाला डोळे पुसायच्या, पुरुष खाकरायचे. आपल्याला भूक नसताना समोरचा जेवताना बघावा, तशी ती त्यांच्याकडे बघायची.

दहाव्या-बाराव्या वेळी एका बाईनं विचारलं, “शेवटचं काही दिसलं का हो तुम्हाला? त्यानं काही खूण केली का?” बाईचा चेहरा असा झाला होता की ‘नाही’ म्हणणं म्हणजे पाण्याचा पेला पुढे करून काढून घेणं. गाईडबाई म्हणाली, “हो. लांबून हात केला.”

केला नव्हता. पण बाईनं सुटल्यासारखा श्वास सोडला. सगळ्या गाडीनंच सोडला. दुसऱ्या दिवसापासून तो हात गोष्टीत जाऊन बसला. कासवाच्या वयासारखाच.

असं दीड-दोन वर्षं चाललं.

मग एका संध्याकाळी ती घरी आली तर आई चष्मा पुसत बसलेली. आईचं वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, तोंड मात्र तरतरीत.

“मला तुझ्या गाडीत यायचंय,” आई म्हणाली.

“कशाला?”

“कशाला म्हणजे? सगळं जग येतं. मी काय पाप केलंय?”

“तीन किनारे आहेत त्यात, आई.”

“मोजता येतात मला तीनपर्यंत.”

गाईडबाईनं पुढं विचारलं नाही. तिला वाटलं, म्हातारपणी मन वळलं असेल. शेजारच्या सुनेनं दुपारी आईला मोबाइलवर काय दाखवलं होतं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. कुणा प्रवाशानं तिची ती पाच मिनिटं टिपली होती. आईनं ती तीनदा पाहिली होती, पण समुद्राच्या वाऱ्यानं अर्धे शब्द उडाले होते.

मंगळवारी गर्दी कमी असते, म्हणून मंगळवार ठरला. आईनं ठेवणीतली साडी नेसली, पिशवीत पाण्याची बाटली आणि औषधाची डबी घेतली. ड्रायव्हरकाकांनी चढायला स्टूल आणलं आणि स्वतःच्या मागची पहिली सीट दिली. आई ऐटीत बसली. मुलीला गाडीत ओळख दाखवायची नाही, असं तिनंच ठरवून टाकलं होतं. दीपगृहापाशी तिनं रीतसर हात वर केला.

“बाई, तो वरचा दिवा पुसतं कोण?”

एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. “माहीत नाही,” गाईडबाई म्हणाली.

“बघा. मुख्य तेच माहीत नाही,” आई शेजारच्या प्रवाशाला म्हणाली आणि दोन-चार जण हसले.

पहिल्या किनाऱ्यावर आई उतरली नाही. दुसऱ्यावरही नाही. दोन्हीकडे तिनं समुद्राच्या उलट्या बाजूला, दुकानांकडे तोंड करून बाटलीतलं पाणी प्यायलं. तिसऱ्या किनाऱ्याचं वळण आलं तेव्हा गाईडबाईनं मनाशी ठरवलं होतं: आज फक्त कागदावरच्या चार ओळी. वाळू सोनेरी, किनारा कोयत्यासारखा. ती तिसऱ्या ओळीवर आली आणि मागून एका जोडप्यातला नवरा म्हणाला, “मॅडम, तुमच्या भावाचं सांगता ना इथं? आम्ही वाचून आलोय.”

तिनं आईकडे पाहिलं. आई समोरच्या काचेतून बघत होती. मान न वळवता म्हणाली, “सांग की. लोक विचारतायत.”

तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला. एकदा तोंड उघडल्यावर पुढचं तिच्या हातात राहिलं नाही. शब्द आपापल्या जागी येत गेले: रविवार, दुपार, ओढ, धावणारी माणसं. जिथं खिडकीकडे पाहायचं तिथं तिनं पाहिलं. “आणि आत जाता जाता,” ती म्हणाली, “त्यानं लांबून एकदा हात केला.”

मागच्या जोडप्यातली बायको हुंदका देऊन रडली. आईनं मान वळवली आणि मुलीकडे पाहिलं.

गाडी थांबली. प्रवासी एकेक करून उतरले. आई जागची हलली नाही. ड्रायव्हरकाकांनी दोघींकडे पाहिलं, “टायर बघून येतो” म्हणाले आणि निघून गेले. टायर चांगले ठणठणीत होते.

“हात केला होता त्यानं?” आईनं विचारलं.

गाईडबाई माईकची वायर गुंडाळत होती.

“मला कधी सांगितलं नाहीस. सत्तावीस वर्षं मी मनातल्या मनात विचारत बसले, शेवटी पोराला कुणी दिसलं तरी का. तुझ्या बाबांनाही विचारायची. त्यांना तरी काय माहीत असणार! आणि तू ह्या येणाऱ्याजाणाऱ्यांना रोज सांगतेस.” आईच्या आवाजात राग नव्हता. तिचा चेहरा मऊ पडला होता, ओठ अर्धवट उघडे होते. “कसा केला? वर करून, की नुसता असा?”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर भागलं असतं. गेली दीड-दोन वर्षं ती अनोळखी माणसांना तो हात देत आलीच होती, आईला दिला असता तर काय बिघडणार होतं! ती शब्द जुळवायलाही लागली. पण आईनं स्वतःचा हात उचलून दाखवला होता, खांद्यापर्यंत, आणि तो तसाच धरून ती वाट बघत होती.

“नाही, आई,” गाईडबाई म्हणाली. “हात केला नाही त्यानं. म्हणजे केला असेल, नसेल. मी बघतच नव्हते.”

आईचा हात खाली आला.

“कुठं होतीस?”

“दुकानात. रस्त्याकडेला चष्म्यांचं दुकान होतं. मी काळे चष्मे घालून बघत होते, आरशात. तिसरा घातला होता, पांढऱ्या काड्यांचा. आरशात माझ्या मागून माणसं पळताना दिसली, तेव्हा वळले. तोवर सगळं झालं होतं.”

हे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगताना काहीतरी फुटेल, फाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

बाहेर कुणीतरी शिट्टी मारत होतं, पाण्यात पुढे गेलेल्या कुणाला तरी मागं बोलावत होतं.

“चांगला दिसत होता?” आई म्हणाली.

“काय?”

“चष्मा.”

“हो,” गाईडबाई म्हणाली. “दिसत होता.”

आईनं पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि न पिता परत लावलं. “मी झोपले होते तेव्हा. दुपारची. चांगली गाढ. उठले आणि चहा टाकला, चौघांचा. चार कप मांडून बसले होते मी, कुणी येईना म्हणून चिडत. चहा उकळून काळा झाला, तरी मी शिव्याच घालत होते तुम्हा दोघांना. मग तो पोलीस आला.” ती थांबली. “हे मी तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलं नाही.”

एकमेकींच्या हातावर हात ठेवणं वगैरे त्यांच्या घरात नव्हतं. शेवटी आईच म्हणाली, “मग हेच सांगत जा ना. चष्म्याचं. खरं आहे.”

“ते ऐकायला कोण येणार, आई?”

“मी आले ना.”

मग आई उतरली. स्टूल नव्हतं, ड्रायव्हरकाका टायर बघत दूरवर पोचले होते. मुलीच्या खांद्याला धरून ती रस्त्याच्या कडेपर्यंत गेली, वाळूत पाय घातला नाही. चष्मा वर करून तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किनारा पाहिला.

“एवढुसाच आहे की,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, केवढा असेल.”

बारा चाळीस झाले. गाईडबाईनं डोकी मोजली आणि गाडी जेवणाच्या थांब्याकडे निघाली. मत्स्यालयात आईनं कासवाचं वय ऐकलं, कासवाकडे नीट पाहिलं आणि काही बोलली नाही. सूर्यास्ताला मात्र ती झोपून गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून गाईडबाईनं तो हात गोष्टीतून काढून टाकला. हात काढल्यावर गोष्ट लंगडी पडली, तिला थांबायच्या जागा सापडेनात. आठवडाभरानं तिनं सगळीच काढली आणि कागदावरच्या चार ओळींवर परत आली. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, “हो, भाऊ गेला इथं. मी त्या वेळी दुकानात होते, बघत नव्हते.” यावर लोकांना काय करावं ते कळायचं नाही. काही जण मान हलवायचे, काही मोबाइलमध्ये बघायचे. एकानं लिहिलं, ‘गाईड फार रुक्ष आहे.’ तीन तारे.

मालक तणतणले. “चांगलं चाललेलं मोडलंस. लोक विचारतात, मी काय सांगू?”

“सांगा, बाई रुक्ष आहे.”

“तुला वाईट वाटत नाही?”

“नाही,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. मालकांनी दोन नव्या मुलींना तिच्या जागी आजमावून पाहिलं. एकीला गाडी लागायची, दुसरीला किल्ल्यावरच्या तोफा पाठ होईनात. मग तिलाच ठेवलं.

बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात काही बदल दिसला नसता. रडू तिला त्यानंतरही आलं नाही. आत्या एकदा येऊन गेली, ऐंशीची झाली होती, तिला जुनं काही आठवत नव्हतं. पण घरात एक नवीन सवय लागली. संध्याकाळी भांडी घासताना आई एखादा प्रश्न विचारायची. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. वारा होता का गं त्या दिवशी? त्याच्या अंगात कुठला शर्ट होता? जाताना बसमध्ये उभे होतात की बसायला मिळालं? गाईडबाईला जे माहीत असेल ते ती सांगायची. नसेल तर “माहीत नाही” म्हणायची. हे ‘माहीत नाही’ आई मुकाट्यानं घ्यायची, जणू तेही काहीतरी मिळालंच.

अशाच एका संध्याकाळी आईनं विचारलं, “पाण्यात जाण्याआधी तुला काही म्हणाला का?”

“माहीत नाही,” ती सवयीनं म्हणाली. कढई विसळून तिनं पालथी घातली. झारा धुतला. आणि नळ बंद करता करता तिला दादाचा आवाज ऐकू आला, अगदी साधा, घाईतला. ओला न झालेला.

“म्हणाला होता,” ती म्हणाली. “म्हणाला, त्या चष्मेवाल्याकडे भाव करू नकोस, तुला जमत नाही. मी आल्यावर करतो.”

आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. तिचे खांदे हलायला लागले. गाईडबाईला वाटलं आई रडतेय, पण आई हसत होती. “खरंच नाही जमत तुला,” ती म्हणाली. “मेल्यानं बरोबर ओळखलं होतं.” मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “काय सांगत होता तो चष्मेवाला?”

“चाळीस.”

“चाळीस!” आई म्हणाली. “त्या काळी चाळीस म्हणजे फार झाले.”